होय महाराजा कोण म्हणालं?

माझा बाप हुशार होता असं मी आयुष्यभर सांगत आले, आणि आयुष्यभर त्याच्यावर चिडलेलीही राहिले. दोन्ही खरं आहे. आता माझे केस पिकले, बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. का बोलू नये? माणूस गेला म्हणून त्याने केलेलंही गेलं का? हे टिकत नाही. बघा, जीभ गेलीच त्या शब्दावर! ही खोड पण त्यांनीच लावलेली.

'टिकतं' आणि 'टिकत नाही' हे आमच्या घरातले शब्द. गिरगावात एका वाडीत चाळीच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा शाळेत मास्तर. दिवेलागणीला आमचं शुभंकरोती आटपलं की ते पाटावर बसत, अडकित्त्याने सुपारी कातरत, आणि आम्हा दोघी बहिणींपुढे एक वाद टाकत. वाद म्हणजे भांडण नव्हे. भांडण करायला चाळीत नळ होता. हा वाद म्हणजे दोन वाक्यं आणि मग एक 'म्हणून'. 'म्हणून'च्या पुढचं मागच्यातून निघतं की नाही, एवढंच आम्ही सांगायचं.

"गाढवाला चार पाय असतात. चौरंगाला चार पाय आहेत. म्हणून चौरंग गाढव आहे." ही आमची पहिली इयत्ता. मी हसून लोळले होते. पण नुसतं हसून चालत नसे. "हसलीस ना, मग खिळा कुठे सैल आहे तो दाखव," बाबा म्हणायचे. मग मी सांगितलं की गाढवाला चार पाय असतात म्हणजे चार पायांचं सगळंच गाढव नसतं. बाबांनी मला सुपारीचं खांड दिलं. त्या खांडासाठी मी काय काय डोकं चालवलं असेल!

एकदा म्हणाले, "माळकरी मासे खात नाहीत. समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ मासे खात नाहीत. म्हणून ते माळकरी." मी लगेच म्हटलं, "टिकत नाही. त्यांच्या बायकोला मासे करता येत नाहीत, परवा बोंबील जळल्याचा वास इथवर आला होता." बाबा इतके हसले की ठसका लागला. आतून आई म्हणाली, "हळू बोला, भिंतीला कान आहेत!" आणि ट्रामच्या घोड्याला मांजर आडवं गेलं, घोडा पुढे जाऊन घसरला, म्हणून मांजराने घोडा पाडला, असलं काही आलं की आम्ही तिघं एका सुरात म्हणायचो, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला!" ही म्हण बाबांची फार लाडकी. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे एक घडलं असं नाही, हे त्यांनी आम्हाला वरणभातासारखं भरवलं. हे मुद्दाम सांगून ठेवते. पुढे लागेल.

माझी मोठी बहीण, अक्का, या खेळात कच्ची. कच्ची म्हणजे मंद नव्हे. तिचं गणित माझ्याहून चांगलं होतं. पण ती वाक्य ऐकायचीच नाही, ती बाबांचं तोंड बघायची. बाबांनी ठासून सांगितलं की ही आपली मान डोलवून, "टिकतं." बाबा कावायचे. अडकित्ता खाली ठेवून तिला म्हणायचे, "अगं, माणूस बघून हो म्हणू नकोस! वाक्य बघ. राजा बोलू दे, भट बोलू दे, तुझा बाप बोलू दे. आधी वाक्य तपास, मग मान हलव." अक्काचे डोळे भरायचे. ती म्हणायची, "हो बाबा." म्हणजे पुन्हा हो! मी तोंडात पदर कोंबून हसायचे.

अक्काचं लग्न झालं ते प्रभादेवीला. सासरी नारळाची वाडी होती, विहीर होती, म्हशी होत्या. घरात सासू, सासरा आणि एकुलता एक मुलगा. लग्न घाईघाईने झालं. का घाई? कारण सासऱ्याला जुना खोकला होता, रक्त पडायचं, आणि म्हाताऱ्याला डोळे मिटायच्या आधी सूनमुख बघायचं होतं. बोलणी करायला आले तेव्हा विहीणबाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, "मास्तर, दिवस थोडे हायत, मुहूर्त लवकरचा धरा." मी दाराआड उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

लग्न झालं, महिनाभरात म्हातारा गेला. पुढे एक म्हैस आटली. आणि विहीणबाई म्हणाल्या, पोरगी पांढऱ्या पायाची.

आता सांगा! मरायला टेकला म्हणून लग्न घाईने केलं, आणि मेला तर सुनेच्या पायाने मेला? म्हशीचं तर विचारूच नका. त्या गावात दरसाल कोणाची ना कोणाची म्हैस आटत होती, सगळीकडे काय माझी अक्का जाऊन पाय लावून येत होती? पण त्यांनी तिला 'चार दिवस माहेरी राहून ये' म्हणून आणून सोडली ती सोडलीच. चार दिवसांचा श्रावण झाला, श्रावणाची दिवाळी झाली. जावई एकदाही फिरकला नाही. आईच्या पदरामागून बाहेर डोकावायची त्याची हिंमत नव्हती. अक्का गॅलरीत तांदूळ निवडत बसायची आणि खालून जाणारी येणारी प्रत्येक बाई मान वर करून विचारायची, "काय गं, अजून इथेच?" मी वरून त्यांच्या अंगावर पाणी ओतायच्या बेतात असे. अक्का माझा हात धरायची.

बाबांनी काय केलं? बाबा सुपारी कातरत बसले. मी एकदा विचारलं, "बाबा, कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे विहीणबाईंना का सांगत नाही?" तर म्हणाले, "सोयरिकीत असं बोलता येत नाही बाळ." का येत नाही? त्या दिवसापासून वादही बंद झाले. दिवेलागणीला शुभंकरोती व्हायचं आणि पुढे नुसता अडकित्ता वाजायचा.

मग दिवाळीनंतर विहीणबाईंचा निरोप आला. गावदेवीला कौल लावू, देवी सांगेल तसं करू.

कौल म्हणजे काय ते ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कोकणातल्या लोकांत मोठी अडचण आली की देवीसमोर जायचं. गुरव मूर्तीच्या उजव्या नि डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो. मग तो गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीला सगळी हकिकत मोठ्याने सांगतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि गुरवाच्या एकेका वाक्याला जमलेली सगळी माणसं म्हणतात, "होय महाराजा!" म्हणजे जे सांगितलं ते आम्हाला कबूल आहे, खरं आहे.

मला देवीबद्दल काही बोलायचं नाही. देवी बिचारी काय करणार? तिला जे विचाराल त्याचंच ती उत्तर देणार.

आई त्या दिवशी पहिल्यांदा बाबांवर ओरडली. "तुमचं ते टिकतंय-नाही टिकत पोरींपुढेच का हो? लोका सांगे ब्रह्मज्ञान! जरा त्या बाईला सांगा की म्हाताऱ्याचा खोकला लग्नाआधीचा!" बाबा म्हणाले, "कौलाला नाही म्हटलं तर म्हणतील पोरीतच खोट आहे, म्हणून भितात." हे पण टिकत नव्हतं. मी बोलणार होते, पण आईने डोळे वटारले. अक्का कोपऱ्यात बसून वाती वळत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

बैलाचा रेकला करून आम्ही प्रभादेवीला गेलो. देऊळ लहान, माडांत लपलेलं, पुढे समुद्राचा वारा. बाबांनी पागोटं आणि जरीचं उपरणं घातलं होतं. विहीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या, जावई त्यांच्या मागे, आणि वाडीतली भाऊबंद मंडळी. अक्काला एका बाजूला उभी केली, नवी साडी नेसवून, बाजारात उभी करतात तशी.

गुरवाने कळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"आई गावदेवी, आज तुझ्या पायाशी ही लेकरं आलीत."

"होय महाराजा!"

"ह्यांच्या घरातला कर्ता पुरुष गेला. गोठ्यातलं दूध गेलं."

"होय महाराजा!"

"ह्या सुनेचा पाय घराला लागला, म्हणून हे सगळं घडलं."

"होय महाराजा!"

मी हादरले. ते तर ठरायचं होतं ना? तोच तर प्रश्न होता! आणि हा गुरव ते ठरलंय असं धरूनच पुढे चालला होता. मी बाबांचं उपरणं खेचलं. "बाबा, हे चुकीचं विचारतायत. जे विचारायचंय, ते सांगतायत!" बाबांनी माझा हात दाबला. इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. आणि त्यांचे ओठ मी पाहिले होते. सगळ्यांबरोबर हललेले. माझा बाप, वाक्य बघ वाक्य बघ म्हणून आमचा जीव खाणारा माझा बाप, "होय महाराजा" म्हणाला होता.

गुरव शेवटी म्हणाला, "आई, तरीसुद्धा तिला घरात घ्यायची असेल तर उजवी दे, नसेल घ्यायची तर डावी दे."

वारा आला. उजवी कळी पडली.

काय आनंद झाला लोकांना! बाबांचे डोळे पाण्याने भरले. आईने पदर पसरून नमस्कार घातला. बाबांनी पेढे आणले, गुरवाला दिले, भाऊबंदांना दिले, मला पण एक दिला. मी तो माडाच्या बुंध्याशी टाकून दिला, मुंग्यांनी खाल्ला असेल. मी अक्काकडे बघितलं. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती. कपाळाला बारीक आठी घालून ती गुरवाकडे बघत होती, गणित सोडवताना बघायची तशी.

पेढा संपवून विहीणबाईंनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चांगलं झालं. देवीनं घ्या म्हटलं, मी घेते. पण मास्तर, मागच्या दारानं येईल. मागच्या पडवीत ऱ्हाईल. माजघरात पाय नाय टाकायचा, देवघराकडं नाय फिरकायचं. आणि माझ्या मुलाला मी दुसरी करून देते."

बाबांच्या हातातला पेढा तसाच राहिला. "पण विहीणबाई, कौल तर उजवा झाला!"

"झाला की! घरात घ्यायचा झाला. पाय चांगला हाय असा कुठं झाला? ते तर आपण देवीला विचारलंच नाय. तिचा पाय लागला असं गुरव बोलला, तेव्हा होय महाराजा कोण बोललं? मी बोलले, भाऊबंद बोलले. आणि मास्तर, तुम्ही बोललात. माझ्या शेजारीच हुते तुम्ही."

सांगू का, तिचा मला संताप आला, पण बाईचा खिळा एकही सैल नव्हता. ती शाळेची पायरी चढली नव्हती आणि तिने माझ्या बापाला त्याच्याच खेळात चीत केलं. तिने प्रश्न कसा मांडायचा ते गुरवाला आधीच पढवून ठेवलं होतं, हे मला आज कळतं. बाबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी मान खाली घातली.

आठवड्याने अक्काला पाठवायचं ठरलं. हो, ठरलं! त्या अटींवर! बाबा म्हणाले, पदरी पडलं पवित्र झालं, डोक्यावर छप्पर तर राहील. आई दोन दिवस जेवली नाही, पण बाबांपुढे तिचं कधी चाललं होतं? जायच्या सकाळी रेकला वाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. अक्काची ट्रंक गाडीवानाने खाली नेऊन रेकल्यात ठेवली. चाळीतल्या सगळ्या बाया कठड्याला लागून उभ्या. मी जिन्यात वळणावरच्या खिडकीशी बसून दात-ओठ खात होते.

अक्का जिना उतरून खाली आली आणि रेकल्यापाशी थांबली. चढेना. बाबा म्हणाले, "बस बाळ, उशीर होतो." ती बसेना. मग बाबांनी आपला तो मास्तरांचा आवाज काढला. "हे बघ. देवीचा कौल मोडता येत नाही. कौल तुला घरात घ्या असा झाला. म्हणून तुला गेलं पाहिजे."

अक्काने त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती खाली मातीकडे बघत होती. मग म्हणाली, "टिकत नाही, बाबा."

मला वाटलं मला भास झाला. अक्का? 'टिकत नाही'?

बाबा म्हणाले, "ही काय खेळायची वेळ आहे?"

"तुमच्यासाठी खेळ असेल," अक्का म्हणाली. तिचा आवाज हळू होता, पण वरच्या कठड्यापर्यंत ऐकू गेला, कारण साऱ्या बाया चिडीचूप झाल्या होत्या. "खिळा कुठे सैल आहे तो सांगते. कौल खरा धरायचा तर देवीला सांगितलेलं आधी खरं पाहिजे. माझ्या पायाने मामंजी गेले, हे देवीला सांगितलं. ते खोटं आहे. ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे. खोट्यावर विचारलेला प्रश्न, त्याचं उत्तर उजवं आलं काय नि डावं आलं काय. मी जाणार नाही."

"चार लोकांत माझी शोभा करू नकोस."

"तुम्हीच सांगायचात ना, माणूस बघून हो म्हणू नकोस. देवळात मी तोंड मिटून उभी होते. एकदाही होय महाराजा म्हटलं नाही. तुम्ही म्हटलंत, बाबा."

बाबा उभेच राहिले. ते उत्तर शोधत होते, मला दिसत होतं. मास्तर माणूस, पोरीच्या बोलण्यात कुठे फट सापडते का ते चाचपत होते. सापडली असती तर त्यांनी तिला बसवून पाठवली असती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणूनच मी त्यांना माफ केलेलं नाही. पोरगी घरी ठेवली ती मायेने नाही, तर वाद हरले म्हणून.

अक्का मग जन्मभर आमच्याकडे राहिली. जावयाला दुसरी आणली. तिच्या बापाच्या नारळाच्या दोन वाड्या होत्या. पुढे प्लेगाच्या साली त्या घरातून विहीणबाई गेल्या, पाठोपाठ जावईही गेला. तेव्हा दुसरीच्या पायाचा रंग कोणी बघितला नाही. दोन वाड्यांवरून चालत आलेले पाय होते ना ते! लोक म्हणाले, साथ आहे, देवाची मर्जी. तेव्हा बरी सगळ्यांना कावळ्याची नि फांदीची आठवण झाली. अक्काने मात्र ती बातमी कळल्यावर आंघोळ केली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. मी म्हटलं, कशाला गं त्यांच्यासाठी? ती म्हणाली, तो पोरगा वाईट नव्हता, फक्त हो म्हणायचा.

त्या सकाळचं राहिलं. बाबांनी शेवटी गाडीवानाला हाताने जा म्हणून खूण केली. तो ट्रंक रस्त्यातच उतरवून रेकला घेऊन निघून गेला. अक्का जिना चढून वर गेली. बाया कठड्यावरून हळूहळू आत सरकल्या. ट्रंक वाडीच्या तोंडाशी पडून राहिली आणि बाबा तिच्या शेजारी उभे. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधलं आणि वाकून ट्रंक स्वतः उचलली. ट्रंकेत आईने घातलेली पितळेची भांडी होती, भारी वजन. पहिल्याच वळणावर त्यांना धाप लागली. मी जिन्यातच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी उठून त्यांना वाट करून दिली, पण हात लावला नाही.